रुक्मिणीचे दोन आलेख

माणसाचं व्यक्तिमत्त्व मोजायला लागणारं सामान असं: प्रश्नांची एक पुस्तिका, होय-नाहीचे चौकोन छापलेला उत्तराचा कागद, टोक केलेली पेन्सिल, भोकं पाडलेले पुठ्ठे आणि समोर बसलेलं गरजू माणूस. यातलं शेवटचं आम्हाला कधी कमी पडलं नाही. बाकीचं सामान मंजूर होऊन यायला कधी कधी वर्ष लागायचं.

या सामानावर मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. औरंगपुऱ्यात खाली वह्या-पुस्तकांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आमचं मार्गदर्शन कार्यालय. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘मानसशास्त्रज्ञ’ असं लिहिलेलं होतं. गावाकडे माझे चुलते चारचौघांत सांगायचे, “आमची पुतणी शहरात डोकी तपासती.” ऐकणारा नकळत टोपी नीट करायचा.

संपादकांनी ‘कामातले गमतीदार अनुभव’ मागितले आहेत. एकदोन गमती देते. मग जे सांगायचं आहे ते सांगते. ते गमतीदार नाही आणि इतकी वर्षं मला ते सांगताही येत नव्हतं.

एकदा पैठणकडचे एक बागायतदार एका तरुणाला दंडाला धरून घेऊन आले. म्हणाले, “बाई, याला घरजावई करून घ्यायचा इचार हाय. आतून खोट असंल तर आत्ताच सांगा. लगीन झाल्यावर सांगून उपेग नाय.” मी सांगितलं की सरकारी कार्यालयात जावई तपासून मिळत नाहीत. ते नाराज होऊन गेले. आमचे टंकलेखक मुश्ताकभाई यंत्रावरून मान वर न करता म्हणाले, “बाई, चाचणी तो ससुरे की होना थी.”

दुसरी गंमत शाईच्या डागांची. कागदावर शाईचा मोठा डाग असतो. तो दाखवायचा आणि ‘यात काय दिसतं’ असं विचारायचं. कुणाला वटवाघूळ दिसतं, कुणाला भांडणाऱ्या बायका. त्यावरून माणसाच्या मनाच्या तळघरात काय दडलंय ते शोधायचं. एका वयस्कर शेतकऱ्यानं दहाच्या दहा डाग शांतपणे पाहिले आणि मला धीर देत म्हणाला, “शाई सांडली तुमची. व्हतंय असं.” नियमाप्रमाणे मी ‘प्रतिसाद देण्यास असमर्थ’ असं लिहिलं. त्या चाचणीत माझ्याकडे आलेलं ते एकमेव बिनचूक उत्तर होतं.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडक्यात समजावते. माणूस कसा घडतो याबद्दल आमच्या शास्त्रात गाण्यासारखी घराणी आहेत. एक घराणं म्हणतं, पाच वर्षांच्या आत सगळं ठरतं, पुढचं आयुष्य म्हणजे त्याचीच पुनरावृत्ती. दुसरं म्हणतं, तसं काही नाही, शाबासकी आणि फटका यांतून माणूस बनतो, वय कुठलंही असो. तिसऱ्या घराण्याच्या मते प्रत्येकात तेच ठरावीक गुण असतात, फक्त प्रमाण वेगळं, जसं घरोघरच्या काळ्या मसाल्यात असतं. चौथं म्हणतं, माणूस आपोआप वाढतो, तुम्ही फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. ही घराणी एकमेकांना मूर्ख समजतात आणि प्रत्येकाचं म्हणणं थोडंथोडं खरं आहे. मी हे सगळं मन लावून वाचलं होतं. अजूनही वाचते. एवढ्या माणसांनी एवढा विचार केला, तो वाया जाण्याजोगा नाही.

पण आमच्या कार्यालयाला यातल्या कुठल्याच घराण्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे पुठ्ठा होता.

पुठ्ठ्याचं काम असं चालतं. उमेदवारानं प्रत्येक वाक्यापुढे होय किंवा नाही अशी खूण करायची. मग उत्तराच्या कागदावर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायचा आणि भोकांतून किती खुणा दिसतात ते मोजायचं. एक पुठ्ठा संशयीपणाचा, एक एकलकोंडेपणाचा, एक खोटेपणाचा, असे आठ पुठ्ठे. आलेले आकडे तक्त्यात पाहायचे आणि त्यांचा आलेख काढायचा. रेघ मधल्या पट्ट्यात राहिली तर माणूस ठीक. वर गेली तर अहवालात एक वाक्य वाढतं. ही वाक्यंसुद्धा तयार असत. मुश्ताकभाईंना ती पाठ झाली होती.

पुस्तिका मूळची परदेशी. ती मराठीत आणली ती दूरच्या मोठ्या शहरात, आणि सर्वसाधारण माणूस कोणता हे ठरवलं तिथल्या कॉलेजातल्या मुलांवरून. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कुणी ते मोठ्यानं वाचत नसे.

आणि एक नियम होता. प्रश्नाचा अर्थ सांगायचा नाही. उमेदवारानं काही विचारलं तर वाक्य पुन्हा वाचून दाखवायचं आणि म्हणायचं, “मनात येईल ते लिहा.” एकाला समजावलं आणि दुसऱ्याला नाही, तर तुलना बिघडते. कारण चांगलं आहे. प्रशिक्षणात या नियमावर मला पूर्ण गुण मिळाले होते आणि मी तो इमानेइतबारे पाळला. माझ्या हातून जे झालं ते कामचुकारपणानं झालेलं नाही. ते काम चोख केल्यामुळे झालं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सोयगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीला एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती. वसतिगृहाला गृहपाल हवी होती. संस्थेच्या अध्यक्षांना मी इथं भाऊसाहेब म्हणते. ते मुंबईला व्यक्तिमत्त्व विकासाचा काही दिवसांचा एक वर्ग करून आले होते आणि तेव्हापासून साध्या मुलाखतीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी रीतसर पत्र पाठवून पाच उमेदवार बायकांची चाचणी घ्यायची विनंती केली.

त्या पाचांत रुक्मिणी होती. मेंढपाळाची मुलगी, पंचविशीची, बी. ए. झालेली. शाळेची सहा वर्षं स्वतः वसतिगृहात राहून शिकलेली. बाकीच्या चौघी लिहीत होत्या आणि हिचा हात वर.

“मॅडम, ‘अनोळखी माणसांवर तुमचा सहज विश्वास बसतो.’ त्यो माणूस भेटला कुठं? बाजारात का शेतात?”

“मनात येईल ते लिहा.”

“मनात तेच येतंय, कुठं भेटला.”

मी वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली आणि खूण केली. आणखी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा मी वाक्य वाचलं. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठे ठेवले. रुक्मिणीच्या खुणा भोकाभोकांतून दिसत होत्या. आलेख डोंगरासारखा वर गेला. मी अहवाल लिहिला आणि त्यातले शब्द मला आजही तोंडपाठ आहेत: ‘संशयी वृत्ती. समाजापासून अलिप्तता. भास होत असण्याची शक्यता. उत्तरांत अप्रामाणिकपणा आढळतो. मुलींच्या जबाबदारीच्या पदासाठी शिफारस करता येत नाही.’ खाली माझी सही आणि कार्यालयाचा शिक्का.

निवड झाली ती शहरातल्या एका चुणचुणीत बाईंची. त्यांचा आलेख पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता.

आठवड्यानं रुक्मिणी कार्यालयात आली.

“मॅडम, माज्याबद्दल काय लिवलं तुमी?”

“ते सांगता येत नाही. अहवाल गोपनीय असतो.”

“कुणापासून?”

“उमेदवारापासून.”

“भाऊसायबाला कळालं. त्यांच्या क्लार्काला कळालं. संस्थेत च्या आणून देणारा मला म्हनला, ताई, तुमच्या डोक्यात आवाज येत्यात म्हनं. मंग ह्यो कागुद लपवलाय कुणापासून?”

मी नियम पुन्हा सांगितला. ती बाहेर गेली आणि जिन्याजवळच्या बाकड्यावर बसली. कार्यालय बंद होईपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही कुलूप उघडायला आलो तेव्हा बाकड्यावर होती.

मुश्ताकभाई म्हणाले, “बाई, ये जानेवाली नै. बकरियाँ चरानेवाले लोगाँ हैं. बैठना इनकू सिखाना नै पडता.”

मी म्हटलं, बसू दे. मुश्ताकभाईंनी बराच वेळ टंकलं आणि मग थांबून म्हणाले, “एक बात पूछूँ? इत्ते साल से आप पुठ्ठे में से देखरे. एक बार पुठ्ठा हटाके देखो ना.”

तिसऱ्या दिवशी मी तिला आत बोलावलं, कपाट उघडलं आणि तिचा उत्तराचा कागद टेबलावर ठेवला. नोकरीत केलेला हा माझा पहिला नियमभंग.

“‘इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात.’ इथं होय का लिहिलंस?”

“येत्यात ना. लांडगा मेंढवाड्याच्या जवळ आला की मेंढरं खूर आपटत्यात, बारीक. कुत्र्याच्या आदी मला कळतं. बापाला आता कमी ऐकू येतं, मंग मीच कान देऊन असते. का हो?”

“‘आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे असं वाटतं.’”

“आख्खं गाव ठिवतं. मी यष्टीनं कॉलेजला जायची तवा कोनत्या सीटवर बसली, कोणाशी बोलली, घरी पोचायच्या आदी बापाला ठावं. जंगलखात्याचा गार्ड येगळाच. तुमच्यावर नाय ठिवत कुणी?”

ठेवत होते. मी एकटी बाई त्या कार्यालयात, साडी कुठली नेसले याचीसुद्धा खालच्या दुकानात नोंद असे.

“‘अनोळखी माणसांवर विश्वास.’ नाही लिहिलंस.”

“मॅडम, पोरींच्या बोर्डिंगात अनोळखी माणसावर इस्वास ठिवणारी बाई पायजे व्हय तुमाला?”

शेवटी आम्ही त्या वाक्यापाशी आलो. ‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाही.’ रुक्मिणीनं होय अशी खूण केली होती, पेन्सिल दाबून. हे वाक्य म्हणजे सापळा असतो. चाचणी असं धरून चालते की प्रत्येक माणूस कधी ना कधी खोटं बोलतो. त्यामुळे जो ‘कधीच नाही’ म्हणतो तो आपल्याला फसवतोय. अशी चार-पाच वाक्यं असतात. तिनं सगळ्यांपुढे तशीच खूण केली होती.

“कधीच नाही? लहानपणीसुद्धा?”

“नाय बोलले. मेंढरू हरवलं तर हरवलं म्हनूनच सांगावं लागतं. खोटं सांगितलं तर हुडकायचं कुठं?” मग ती म्हणाली, “आन् सरकारी कागदावर ‘मी खोटी’ असं कोण लिवून देईल?”

मी कागदाची घडी घातली. मी तिला विचारलं, या नोकरीसाठी एवढी का बसून राहिलीस, दुसरीकडे बघ. ती म्हणाली, “आखाजीला लगीन ठरवत्यात माजं. पोरगा चांगला हाय. पन त्याच्या मेंढरांमागं आठ म्हैने चालायचं. मेंढरामागं चालायला मला येतंय मॅडम. त्याला बी. ए. लागत नाय. मी सा वर्सं बोर्डिंगात काढली. गृहपाल बाई कशी नसावी ते मला पाठ हाय. तेवढं एक काम मला येनार हाय, आन् तेच तुमी लिवलं की येनार नाय.”

मी दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेबांना भेटायला गेले. टेबलावर काच, काचेखाली त्यांचे स्वतःचे फोटो. प्रत्येक फोटोत ते कुणाचा तरी हात दाबत होते. मी सांगितलं, माझा अहवाल चुकला आहे, मी दुसरा देते.

“मॅडम, शास्त्र म्हणजे शास्त्र. खाली सही तुमचीच आहे ना?”

“सही माझी आहे आणि चूकही माझी आहे.”

ते माझ्याकडे बारीक डोळे करून बघू लागले. “सरकारी माणूस स्वतःहून चूक कबूल करतो, म्हणजे कुणाचा तरी फोन आला असणार. कोण लागते ही मुलगी तुमची?”

मी सांगितलं, कुणी नाही. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. अनोळखी माणसांवर त्यांचाही विश्वास बसत नव्हता, पण त्यांना कुणी पुठ्ठा लावला नव्हता.

पुढची गोष्ट लवकर घडली. पट्टीनं आखलेल्या बाई सहा आठवड्यांत वसतिगृह सोडून गेल्या. भिंतीवर पाली होत्या, वीज जायची आणि त्यांना तिथं माणसात असल्यासारखं वाटत नव्हतं. दुसरं कुणी त्या डोंगरात जायला तयार नव्हतं. भाऊसाहेबांना आता रुक्मिणी हवी होती, पण आपण अहवाल बाजूला सारला असं कुणी म्हणू नये, हेही हवं होतं. त्यांनी मला निरोप पाठवला: त्या मुलीला आमच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात बसवू, तीन दिवसांत सुधारणा होईल, मग तीच चाचणी पुन्हा घ्या, आलेख चांगला आला तर नेमणूक.

तीन दिवसांत. मी ज्या घराण्यांची पुस्तकं वाचली होती त्यांतलं सर्वांत उतावळं घराणंसुद्धा याला हसलं असतं.

शिबिर कसं झालं ते रुक्मिणीनं मला त्याच बाकड्यावर बसून सांगितलं. “आरशाकडं बघून म्हनायचं, ‘मी सर्वोत्तम आहे.’ धा येळा. हात असा दाबायचा. ‘नाय’ म्हनायचं नाय, ‘नाही’ म्हनायचं. मंग भाऊसायब म्हनले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पायजे, लाजू नका. मी मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. लाउडस्पीकरवाला उठून हुबा राहिला. भाऊसायब म्हनले, बसा.”

मुश्ताकभाई खुर्चीत मागे रेलून हसले. मलाही हसू आलं. ते हसू मी आज परत घेते. कारण त्या मांडवात तीन दिवस एका चांगल्याभल्या बाईला, तिच्या बापाची बोली बोलली म्हणून, उभं राहून सुधारून घ्यायला लावलं जात होतं. आणि याला ते विकास म्हणत होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी तिला आत घेतलं. मुश्ताकभाई डबा घेऊन दाराबाहेर जाऊन बसले, न सांगता. मी पुस्तिका उघडली आणि एकेक वाक्य समजावलं. चाचणीला कोणतं उत्तर आवडतं ते सांगितलं.

“म्हंजे खोटं लिवू?”

“हो.”

“समदं?”

“समदं नाही. मी सांगते तिथं.”

ती लक्ष देऊन ऐकत होती. अनोळखी माणसांवर विश्वास: होय. आवाज: नाही. नजर: नाही. एकटं असताना बरं वाटतं: नाही. तिची स्मरणशक्ती उत्तम होती, दोनदा विचारावं लागलं नाही. मग आम्ही त्या वाक्यापाशी पोचलो.

“‘मी आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाही.’ इथं नाही अशी खूण कर.”

“म्हंजे मी खोटं बोलले असं?”

“हो. तसं लिहिलं की चाचणी तुला खरी म्हणते.”

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “बरुबर हाय. उद्या बोलनारच हाय ना मी. मंग ही खूण तरी खरी व्हईल.”

ती चिडून बोलली नाही. हिशेब लावावा तसं बोलली. दुसऱ्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे तिनं उत्तरं लिहिली. मी शिकवलेल्या खुणांत तेवढी एकच खूण खरी होती आणि ती खरी करायची व्यवस्था मी केली होती. पुठ्ठे ठेवले. भोकांतून काही दिसेना. आलेख इतका सरळ आला की पट्टी लावायची गरज पडली नाही. मी अहवाल लिहिला: ‘मनमोकळी, विश्वासू, प्रामाणिक.’ सही केली. तिची नेमणूक झाली. आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, लग्न पुढे ढकललं गेलं आणि मग राहूनच गेलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी हा लेख कुरकुरत का होईना, हसऱ्या सुरात लिहिला असता. संपली नाही.

काही महिन्यांनी भाऊसाहेबांच्या शिबिराचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर आलं. आतल्या पानावर दोन आलेख शेजारीशेजारी. एक डोंगरासारखा, एक सपाट. वर ‘शिबिरापूर्वी’ आणि ‘शिबिरानंतर’. खाली ‘शासकीय मानसशास्त्रज्ञांकडून प्रमाणित’. नाव छापलं नव्हतं. मला नावाची गरज नव्हती, दोन्ही रेघा माझ्या हाताच्या होत्या.

मी पत्र लिहायला बसले. ‘सदर आलेख दिशाभूल करणारे आहेत’ इथपर्यंत लिहून थांबले. पुढे लिहायचं काय? दुसरी चाचणी मी शिकवून घेतली, असं लिहिलं की रुक्मिणीची नोकरी त्याच दिवशी जाते. माझी गेली असती तर चाललं असतं, असं मला वाटतं. तेव्हा तसं खरंच वाटलं होतं की नाही याची आज खात्री देत नाही. पत्र फाडलं.

ते दोन आलेख मग फिरत राहिले. तालुक्याच्या शाळांत, कॉलेजांत, पुढे मंगल कार्यालयांत, मोठ्या पडद्यावर. भाऊसाहेबांनंतर त्यांच्या माणसांनी दाखवले, त्या माणसांकडून शिकलेल्यांनी दाखवले. आईबाप पोरींना घेऊन येत, फी भरत आणि पोरी आरशाला सांगत की त्या सर्वोत्तम आहेत. मग घरी जाऊन आजीला सांगत की ‘नाय’ म्हणू नको. माणूस कसा घडतो याचा जन्मभर विचार केलेल्या लोकांचं शास्त्र, आणि त्यातून आमच्या भागात लोकांपर्यंत पोचलं ते एवढं: तुझं बोलणं चुकीचं, तुझं चालणं चुकीचं, तू ज्या गोष्टींना भितेस त्या चुकीच्या, तीन दिवस ये, सरळ करून देतो. या थोतांडाच्या मुळाशी माझी सही होती. ज्यांनी हे दुकान चालवलं त्यांचा मला राग आहेच. पण त्यांना शास्त्र कळत नव्हतं. मला कळत होतं.

त्यानंतरच्या नोकरीत मी प्रश्न समजावून सांगू लागले. उमेदवाराला विचारून, त्यानं तसं का लिहिलं ते अहवालाखाली हातानं लिहू लागले. वरिष्ठांचं पत्र आलं: ‘प्रमाणित पद्धतीचा भंग.’ मी उत्तर दिलं: ‘होय.’ मग दुसरं पत्र आलं नाही. माझ्या एका शब्दानं त्यांची पंचाईत झाली असावी.

रुक्मिणी या जूनमध्ये निवृत्त झाली. ती नोकरीत असेपर्यंत मला तोंड उघडता येत नव्हतं. निवृत्तीनंतर ती गारखेड्याला माझ्या घरी आली. केस पांढरे, आवाज तोच. मी तिला सांगितलं की हे सगळं लिहायचं मनात आहे, तुझी हरकत असेल तर नाही लिहीत.

“लिवा. आता काय करत्यात? बोर्डिंगातून काढत्यात?”

चहा पिताना ती नोकरीबद्दल बोलत राहिली. सुगीनंतर कुणी ना कुणी मामा यायचा, म्हणायचा आजी आजारी आहे, पोरीला दोन दिवस न्यायचंय. ती मामाच्या पायांकडे बघायची. नवी चप्पल असली की ओळखायची, आजी आजारी नाही, पोरीचं लग्न आहे. “मंग सांगायची, परीक्षा हाय, सोडता येत नाय. परीक्षा नसायची. लई खोटं बोलले मॅडम, लई बापांशी. तोंडावर.”

मला बरं वाटावं म्हणून ती हे सांगत होती का, ते मी विचारलं नाही. मला बरं वाटलं नाही. तिनं ज्या मुली वाचवल्या त्या तिच्या संशयानं आणि तिच्या कानांनी वाचवल्या. मी जे ‘शिफारस करता येत नाही’ म्हणून लिहिलं होतं, त्याच भांडवलावर तिनं तिथं जन्म काढला. आणि त्या बाईला आत शिरण्यासाठी मी आधी दुसरीच कुणी व्हायला लावलं.

मी कपाटातून तिचा पहिला उत्तराचा कागद काढला. निवृत्त होताना तो घरी आणला होता. सरकारी कागद घरी आणणं हा गुन्हा आहे. कुणाला चौकशी लावायची असेल तर माझ्यावर लावावी, माझा पत्ता संपादकांकडे आहे. रुक्मिणीनं चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून.

“आजबी हेच लिवलं असतं,” ती म्हणाली. “शेवटचं सोडून. ते आता नाय लिवता येनार.”

मग तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. “ह्याच्यावर खाली लिवा, मी खरं बोलले व्हते म्हनून. आन् सही करा.”

मी लिहिलं: ‘या बाईंनी दिलेली सर्व उत्तरं खरी होती. चूक तपासणारीची होती.’ नाव लिहिलं, सही केली, तारीख आजची घातली. तिनं ते दोनदा वाचलं.

“शिक्का नाय?”

“शिक्का कार्यालयात राहिला गं. आता माझ्याकडे नाही.”

“राहू द्या,” ती कागदाची घडी घालत म्हणाली. “पयल्या अहवालावर व्हता की शिक्का.”